सान फर्नांडोच्या धर्तीवर नाशिकमध्ये केलेला नाताळचा कंदील: प्रकल्प नोंदी

26 ऑक्टोबर 2025, रविवार

चर्चमधली सकाळची मिस्सा (सामूहिक उपासना) संपल्यावर आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या हद्दीतील) तरुण मंडळाची बैठक झाली. दरवर्षी आवारात बाजारातून आणलेली प्लास्टिकची चांदणी लागते. यंदा तिच्याऐवजी आपल्या हातांनी केलेली एखादी वस्तू उभी करायची, आणि ती जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यातील नाताळची परंपरा नाशिककरांना दाखवणारी असावी, असे ठरले. तीन परंपरा चर्चेत आल्या. स्वीडनमधील येव्ले शहरात 1966 पासून गवताचा सुमारे तेरा मीटर उंच बोकड उभारतात, परंतु तो पेटवून देण्याचे प्रकार पहिल्या वर्षापासूनच होत आले आहेत. आवारात लहान मुले आणि मेणबत्त्या असताना तेरा मीटर सोडाच, तेरा फूट गवतही ठेवणे आम्हांला मान्य नव्हते. मेक्सिकोतील वाहाका शहरात 23 डिसेंबरला मुळे कोरून ख्रिस्तजन्माचे देखावे करतात आणि ही स्पर्धा 1897 पासून चालत आली आहे. मुळा आपल्याकडे मुबलक मिळतो, पण तिकडे कोरण्यासाठी तो मुद्दाम जास्त काळ जमिनीत ठेवून आडवातिडवा वाढवलेला असतो, आणि कोरल्यानंतर काही तासांतच कोमेजू लागतो.

शेवटी फिलिपिन्समधील पंपांगा प्रांतातील सान फर्नांडो शहराचा महाकाय कंदील निवडला. या शहरातील वाड्यावस्त्या नाताळच्या आधी एकमेकांशी कंदिलांची स्पर्धा लावतात. आजचे कंदील वीस फुटांच्या आसपास व्यासाचे असतात, त्यांत हजारो दिवे असतात आणि ते सगळे संगीताच्या तालावर लागतात आणि विझतात. हे घडवून आणणारे यंत्र म्हणजे हाताने फिरवायचे पत्र्याचे पिंप असते. दिवाळीत आकाशकंदील करणाऱ्यांना हे काम आवाक्यातले वाटले आणि मंडळात वायरमन, सुतार, सातपूरच्या कारखान्यात काम करणारे फिटर असे सगळेच असल्यामुळे बैठकीतच कामांची वाटणी झाली. व्यास सहा फूट ठरला.

2 नोव्हेंबर, रविवार

ज्यांना हेच काम करायचे आहे त्यांनी कंदिलाच्या आधी पिंप समजून घ्यावे, कारण सगळा खर्च आणि वेळ त्याच्याभोवती फिरतो. सान फर्नांडोमधील सुरुवातीचे कंदील जेमतेम दोन फुटांचे, बांबू आणि कागदाचे असत आणि नाताळच्या आधीच्या नऊ दिवसांच्या भक्तीत ते मिरवणुकीने नेले जात. 1931 मध्ये कंदिलात वीज आली. तेव्हा प्रत्येक दिव्याला स्वतंत्र बटण असे आणि माणसे वाद्यांच्या ठेक्यावर ती बटणे दाबत. 1957 च्या सुमारास रोडोल्फो डेव्हिड या कारागिराने फिरते पिंप आणले. धातूच्या पिंपात वीज सोडलेली असते, त्याच्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असतात, आणि केसांच्या पिना एका ओळीत पिंपाला टेकून उभ्या असतात. पिनेखाली उघडा पत्रा आला की तिचा दिवा लागतो, चिकटपट्टी आली की विझतो. संगीतपेटीत जसे खुंट्यांचे नळकांडे सूर ठरवते तसे इथे चिकटपट्टीचे तुकडे उजेड ठरवतात.

मंडळातील दोघा विद्यार्थ्यांचा आग्रह होता की तीनचारशे रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर (प्रोग्राम भरता येणाऱ्या सर्किट बोर्डवर) हे सगळे सहज होईल. त्यांचे म्हणणे खरे आहे. तरीही पिंपच करायचे ठरले, कारण पाटीवरचा कार्यक्रम एकदा भरला की तो लिहिणाऱ्याखेरीज कोणाला दिसत नाही, आणि पिंपावरचा कार्यक्रम आवारातील कोणीही आजी बोट ठेवून वाचू शकते, तुकडा उपटून बदलू शकते. शिवाय ठेका वाढला तर हात वेग वाढवतो. आमच्याकडे ठेका नाशिक ढोलाचा असणार होता आणि तो घड्याळाप्रमाणे एकाच गतीने चालत नाही.

एक गोष्ट आरंभीच बजावून ठेवतो. सान फर्नांडोचे कारागीर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. आपण घरगुती 230 व्होल्टची वीज उघड्या पत्र्यात कदापि सोडू नये. आम्ही 12 व्होल्टचा वीजपुरवठा घेतला, जो तीस अँपिअरपर्यंत चालतो आणि महात्मा गांधी रोडवर 1,400 रुपयांना मिळाला. त्याच्यापुढे वीस अँपिअरचा फ्यूज लावला.

9 नोव्हेंबर, रविवार

कंदिलाचे बत्तीस कप्पे ठरवले: मध्ये दोन, त्याभोवती दहा, मग दहा, आणि बाहेर दहा. आमचा कंदील पाच टोकांच्या चांदणीच्या आकाराचा असल्यामुळे दहाच्या पटीत कप्पे केले की नक्षी कोठूनही सारखी दिसते. बाहेरचे कप्पे मोठे असल्याने त्यांत दिवेही जास्त लागतात. दुकानांच्या पाट्यांमध्ये वापरतात ते एलईडी मॉड्यूल आम्ही घेतले आणि मधल्या कप्प्यांत चार, नंतरच्या वर्तुळांत अनुक्रमे पाच, आठ आणि अकरा अशी वाटणी केली. एकूण 248 लागले, जास्तीचे धरून 260 आणले, प्रत्येकी नऊ रुपयांनी. एक मॉड्यूल पाऊण वॅटच्या आतबाहेर वीज घेतो, म्हणजे सगळे एकदम लागले तर सुमारे पंधरा अँपिअर होतात. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्यानेच त्रास दिला.

सांगाडा सहा मिलिमीटरच्या सळईचा केला. वेल्डिंगसह 1,900 रुपये झाले.

16 नोव्हेंबर, रविवार

रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा पिंप म्हणून घेतला होता, तो रद्द केला. बाहेरून गोल दिसत असला तरी फिरवताना तो चारपाच मिलिमीटर वरखाली होत होता, त्यामुळे पिना एका बाजूला वाकत आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याला टेकतच नसत. पत्रा पातळ असल्याने लेथवर घासून गोल करण्याचीही सोय नव्हती.

त्याऐवजी सुतारकाकांनी अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडच्या 38 सेंटीमीटर व्यासाच्या तीन चकत्या कापल्या, त्या एका दांड्यावर बसवल्या आणि त्यांच्याभोवती 28 गेजचा जस्ताचा पत्रा गुंडाळला. पिंपाची लांबी 62 सेंटीमीटर झाली. दांडा आणि बेअरिंगचे दोन ठोकळे भंगारातून मिळाले, दोन्ही मिळून पाचशे रुपयांत. पत्रा 450 रुपयांचा.

पत्र्याचा जोड कसा ठेवायचा याकडे विशेष लक्ष द्यावे. एक कड दुसरीवर चढतेच, आणि पिंप उलट फिरले तर पीन त्या कडेत अडकून उपटली जाते. पीन आधी वरच्या थरावरून सरकून मग खालच्या थरावर उतरेल अशाच दिशेने जोड ठेवावा आणि पिंपाच्या तोंडावर ठळक बाण काढावा. बाण काढूनही मुले उलट फिरवणारच, म्हणून फिटर दादाने भंगारातले सायकलचे फ्रीव्हील हँडलला बसवले आणि पिंपाच्या दांड्यावर मोठे दातेरी चाक लावून दोन्ही साखळीने जोडले. हँडल उलटे फिरवले तर ते नुसतेच टकटक करते, पिंप जागचे हलत नाही. मात्र सायकलमध्ये फ्रीव्हीलला जोर बाहेरच्या दात्यांकडून मिळतो आणि इथे तो आतून मिळतो, म्हणून ते उलटे बसवावे लागते. सरळ बसवल्यावर हँडल दोन्हीपैकी नको त्याच दिशेला पिंप ओढत होते. साखळीमुळे दुसराही लाभ झाला: पिंप मिनिटाला सुमारे तीन फेऱ्या फिरायला हवे, आणि इतके संथ थेट हाताने फिरवले की ते धक्के खात चालते. 18 आणि 44 दात्यांच्या जोडीने हात थोडा जलद चालतो आणि पिंप शांत फिरते.

23 नोव्हेंबर, रविवार

पिनांसाठी अंबाड्याचे काळे आकडे भद्रकालीतून आणले. लाकडी पट्टीवर दीड दीड सेंटीमीटर अंतराने बत्तीस आकडे स्क्रूने आवळले, वाकडे टोक पिंपाकडे ठेवले, वायरी जोडल्या, वीज सोडली, आणि एकही दिवा लागला नाही. वायरमन मित्राने मीटर लावून पाहिले तेव्हा आकड्यांवरचा काळा रंगच वीज अडवत असल्याचे दिसले. पिंपाला टेकणारी कमान आणि स्क्रूखाली जाणारे पाय अशा दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्यावर दिवे लागले. डाग देऊन वायर जोडण्याच्या फंदात पडू नये, या पोलादाला कथील धरत नाही. वॉशर घालून स्क्रूने आवळणे पुरेसे आहे.

दुसरा दोष जास्त वेळखाऊ होता. आकड्यांची टोके एका सरळ रेषेत नव्हती, त्यामुळे वर्तुळातील दहा कप्पे एकदम लागण्याऐवजी फरफटत लागत. पिंपावर दांड्याला समांतर दोरा ताणून, प्रत्येक टोक त्या दोऱ्याला भिडेपर्यंत वाकवून घेतले.

पिंपात वीज पोचवण्यासाठी एका टोकाला तांब्याची एकच लवचीक पट्टी टेकवली होती. सगळे दिवे लागताच तिथे ठिणग्या पडू लागल्या आणि पट्टी हाताला चटका देण्याइतकी तापली. पंधरा अँपिअर एका स्पर्शबिंदूतून नेणे चुकीचे आहे. मग पिंपाच्या त्या टोकाला दहा सेंटीमीटरचा पट्टा कायम उघडा ठेवला आणि दोन लाकडी पट्ट्यांवर बारा-बारा आकडे लावून सगळे एकत्र जोडले. आता प्रत्येक आकड्यातून अर्ध्या अँपिअरहून थोडी जास्त वीज जाते आणि तो गार राहतो.

30 नोव्हेंबर, रविवार

आज आगमनकाळाचा (नाताळच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार होता. कंदील पहिल्यांदा पूर्ण जोडला. एकच कप्पा लागला की झगझगीत आणि सगळे लागले की मंद, असा प्रकार दिसला. प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र धन वायर होती, पण परतीची ऋण वायर सर्वांची मिळून एकच आणि तीही तितकीच बारीक, अर्ध्या चौरस मिलिमीटरची होती. ती कोमट लागत होती, म्हणजे उजेडाबरोबर सुरक्षिततेचाही प्रश्न होता. चार चौरस मिलिमीटरची जाड वायर टाकल्यावर उजेड सारखा झाला. वायरींचा एकूण खर्च 1,800 रुपये.

कप्प्यांच्या भिंती पुठ्ठ्याच्या केल्या आणि आतून स्वयंपाकघरातील चंदेरी फॉइल चिकटवले, नाहीतर शेजारच्या कप्प्याचा उजेड गळतो आणि रंग मिसळून मळकट दिसतो. फिलिपिनो कारागीरही पुठ्ठा आणि फॉइल वापरतात. कंदिलाची खोली आम्ही पंधरा सेंटीमीटर ठेवली. मॉड्यूल समोर तोंड करून लावले तेव्हा बाहेरून प्रत्येक दिव्याचा ठिपका वेगळा दिसे. ते भिंतींवर आतल्या बाजूला तोंड करून लावले, उजेड फॉइलवरून परतून आला आणि कप्पा काठोकाठ सारखा भरला. सगळे मॉड्यूल उपटून पुन्हा लावण्यात पूर्ण संध्याकाळ गेली, पण या एका बदलाने कंदिलाचे रूप जितके पालटले तितके दुसऱ्या कशानेही पालटले नाही.

7 डिसेंबर, रविवार

दर्शनी भागाला पतंगाचा कागद दुहेरी लावला होता. संक्रांत जवळ आल्याने तो सहज मिळाला आणि रंगही सुरेख होते. रात्रभर कंदील आवारात उघड्यावर ठेवून पाहिला. सकाळी कागद दवाने लोळागोळा होऊन कप्प्यांच्या मधोमध पोट सुटल्यासारखा खाली आला होता, लाल रंग पिवळ्यावर उतरला होता आणि खालच्या दोन टोकांवर तो फाटलाही होता. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत दिवाळीचा कंदील टिकतो म्हणून डिसेंबरातला टिकेल असे नाशिकमध्ये तरी धरून चालू नये. 380 रुपयांचा कागद आणि तो चिकटवणाऱ्या मुलींचे कष्ट वाया गेले. सान फर्नांडोतही कागदाची जागा पुढे रंगीत प्लास्टिकने घेतली.

आम्हांला प्लास्टिकची चकाकी नको होती. मेन रोडवर ब्लाउजच्या अस्तराचे कापड पाहिले. सुती अस्तर दव पिते, पॉलिस्टरचे पीत नाही, आणि रंगांची तर दुकानात भिंतच असते. पॉलिस्टरचे अस्तर ताणून मागच्या बाजूने गरम गोंदाने चिकटवले. गडद निळा आणि गडद हिरवा हे रंग उजेड गिळतात, म्हणून त्यांची फिकी छटा घ्यावी. भगवा, पिवळा आणि गुलाबी कसेही चालतात. कापडाला 1,150 रुपये लागले.

14 डिसेंबर, रविवार

पिंपाचा घेर 120 सेंटीमीटरच्या जवळपास आहे, म्हणून त्याचे तीन तीन सेंटीमीटरचे चाळीस भाग पाडले. एक भाग म्हणजे एक मात्रा, आठ मात्रांचे एक आवर्तन, आणि पिंपाच्या एका फेरीत पाच आवर्तने. शेवटचा भाग चार मिलिमीटरने आखूड भरला. तिथे आम्ही सगळे दिवे विझवणारी मात्रा ठेवल्यामुळे ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

बत्तीस ओळी आणि चाळीस रकाने असा आलेख कागदावर काढून आधी पेन्सिलीने भरला. हे काम ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मावशींनी हाती घेतले आणि मंडळातील इंजिनिअरांपेक्षा त्यांना ते लवकर उमगले. त्यांनी घातलेले दोन नियम कोणीही करणाऱ्याने पाळावेत. कोणताही कप्पा लागला तर किमान दोन मात्रा लागलेला राहावा, एकाच मात्रेत विझला तर डोळ्यांना नुसती फडफड दिसते. आणि नक्षी बदलण्याआधी एक मात्रा पूर्ण काळोख द्यावा. पहिल्या आवर्तनात मधून बाहेर उमलणे, दुसऱ्यात टोके गोल फिरणे, तिसऱ्यात एकाआड एक कप्पे, चौथ्यात बाहेरून आत मिटणे, पाचव्यात सर्व उजेड, असा क्रम त्यांनी ठरवला.

चिकटपट्टीच्या बाबतीत आम्ही मास्किंग टेप वापरणाऱ्या फिलिपिनो कारागिरांचे ऐकायला हवे होते, पण ती कागदाची असते म्हणून झिजेल या भीतीने आधी वायरमनची काळी टेप लावली. ती चिकटवताना ताणली जाते आणि नंतर हळूहळू आखडते, त्यामुळे कडेला गोंद उघडा पडतो, तो आकड्यांवर चढतो आणि मग उघड्या पत्र्यावरही दिवे लागत नाहीत. सगळी टेप सोलून, पत्रा थिनरने पुसून, मास्किंग टेपचे दोन थर दिले. ती ताणली जात नाही, हाताने फाटते, तिच्यावर पेन्सिलीने मात्रेचा क्रमांक लिहिता येतो, आणि कडा नखाने दाबून बसवल्या तर आकडा तिच्यावरून अडखळत नाही. झिजते हे खरे, पण झिजलेला तुकडा अर्ध्या मिनिटात बदलता येतो.

19 डिसेंबर, शुक्रवार

ढोलपथकातील मुलांसोबत पहिली तालीम झाली. फिलिपिन्समध्ये 16 ते 24 डिसेंबर पहाटेची मिस्सा असते आणि कंदिलांची मूळ परंपरा याच नऊ दिवसांची, म्हणून निदान तालीम तरी या काळात व्हावी अशी आमची इच्छा होती. हँडलवर बसणाऱ्याने कंदिलाकडे मुळीच पाहू नये, हे तिथे कळले. कंदील पाहत बसला की तो दिव्यांच्या मागे जातो आणि ठेका सुटतो. पिंपाच्या कडेवर दर आठव्या मात्रेला पांढऱ्या रंगाची रेघ मारली. आता फिरवणारा डोळे त्या रेघेवर आणि कान ढोलावर ठेवतो. ताशा फार जलद सुरू झाला तर हात कमी पडतो, म्हणून ढोलाची संथ चाल आधी आणि चढती शेवटी, असे पथकातील मोठ्या दादाशी ठरवून घेतले. मंडळातील दहावीत शिकणारी एक मुलगी सर्वांत सम हाताने फिरवते, तिच्याकडे मुख्य काम दिले.

रात्री नऊनंतर दवामुळे पत्र्यावर ओल आली आणि काही कप्पे मधूनच बुजू लागले. आकड्यांच्या टोकाखाली ठिणग्यांच्या काजळीची बारीक काळी रेघही उमटली होती. पिंपाला प्लायवूडचे झाकण केले, त्याला एका बाजूने काच लावली म्हणजे लोकांना आतले काम दिसेल, आणि उघडा पत्रा रोज बारीक पॉलिश पेपरने हलका घासायचा असे ठरवले.

24 डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी सात वाजता कंदील गव्हाणीच्या देखाव्यामागे उभा केला आणि रात्री दहाच्या आत ढोल थांबवले. सव्वाआठच्या सुमारास बाहेरच्या वर्तुळातला एक कप्पा बंद पडला. स्क्रू ढिला झाला होता. पिंप न थांबवता वायरमन मित्राने तो आवळला, आणि हे करता आले कारण कोणत्या कप्प्याचा कोणता आकडा ते लाकडी पट्टीवर लिहून ठेवले होते. शेजारच्या सोसायट्यांमधून लोक आले. कंदिलापुढे जितके थांबले, त्याहून जास्त वेळ ते पाठीमागे पिंपाजवळ थांबले. एक आजोबा काचेतून बराच वेळ पाहून म्हणाले, “अरे, म्हणजे पट्टी आली की अंधार!” आणि मग त्यांनीच पुढच्या माणसांना समजावून सांगायला सुरुवात केली. मुलांना हँडल फिरवू द्यावे, अशी मागणी वाढल्यावर ढोल थांबल्यानंतर एकेकाला फिरवू दिले. फ्रीव्हीलमुळे एकही आकडा तुटला नाही.

28 डिसेंबर, रविवार

कंदील उतरवला. मास्किंग टेप लगेच सोलून घ्यावी, ती आठवडाभर राहिली तर गोंद पत्र्यावर कडक होतो. पत्र्याला खोबरेल तेलाचा पातळ हात देऊन पिंप जुन्या चादरीत गुंडाळून ठेवले. पुन्हा वापरण्याआधी ते तेल थिनरने पुसावे लागेल, तसे पिंपावरच लिहून ठेवले आहे. आकडे काढून टाकले, ते दरवर्षी नवेच घ्यावेत. दिवे, वीजपुरवठा, वायरी आणि सांगाडा पुन्हा कामी येतील.

एकूण खर्च 11,400 रुपयांच्या आसपास झाला. त्यात वाया गेलेला पतंगाचा कागद आणि काळी टेप धरली आहे, प्लायवूड सुतारकाकांकडचे उरलेले असल्यामुळे धरलेले नाही. वेळेचा सर्वांत मोठा भाग आकडे एका रेषेत आणण्यात आणि मॉड्यूल उलटे लावण्यात गेला. हे दोन्ही आधीच ठाऊक असतील तर चारसहा माणसांना तीन आठवडे पुरावेत.

पुढच्या वर्षी व्यास वाढवायचा नाही, असा मावशींचा निर्णय आहे. त्यांना कप्पे बत्तीसवरून बावन्नवर न्यायचे आहेत, मधल्या दोन वर्तुळांचे प्रत्येकी वीस भाग करून. तेवढ्यासाठी याच पिंपावर आकड्यांतील अंतर नऊ मिलिमीटरवर आणावे लागेल. दोन आकडे वाकून एकमेकांना टेकण्याचा धोका त्यात आहे, म्हणून मध्ये प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या घालून जानेवारीतच एक चाचणी घ्यायची असे ठरले आहे.